आरपीजी मेकरवर पहिला मराठी गेम: रिकाम्या मॅपपासून लोकांच्या हातात जाईपर्यंत

"स्टोरी रेडी आहे, सात राज्यं, चाळीस कॅरॅक्टर, तीन वेगवेगळे शेवट, फक्त कोडिंग येत नाही, कोणी मदत करेल का?" असा मेसेज हौशी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून गोष्ट खेळायचा गेम) बनवणाऱ्यांच्या कुठल्याही डिस्कॉर्ड ग्रुपवर जाऊन बघा, सापडणारच. सगळे त्याला वेलकम म्हणतात, दोन-चार जण लिंका देतात आणि महिन्याभरात तो माणूस गायब. त्याला कोडिंग येत नव्हतं म्हणून तो गायब होत नाही, सात राज्यं बनवायला घेतली म्हणून होतो. तेव्हा इथे आपण जे बनवायचं ते वीस-तीस मिनिटांत खेळून संपेल असं, तीन मॅपचं, मराठीत बोलणारं, आणि शेवटी अनोळखी माणसाच्या ब्राउझरमध्ये चालणारं.

टूल कुठलं? मी आरपीजी मेकर एमझेड धरून लिहितोय, कोडिंग न करता असे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. ही जुनी जपानी मालिका आहे, पहिला आरपीजी मेकर अस्की कंपनीने १९९२ मध्ये पीसी-९८ कॉम्प्युटरसाठी काढला होता. मजा म्हणजे २००० आणि २००३ या दोन गाजलेल्या आवृत्त्या इंग्रजीत अधिकृतपणे आल्या थेट २०१५ मध्ये, तोवर हौशी लोकांनी स्वतःच भाषांतर करून त्या जगभर पसरवल्या होत्या आणि त्यावर शेकडो गेम बनवलेही होते, म्हणजे प्रॉडक्टच्या आधी कम्युनिटी. एमव्ही ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, एमझेड २०२० मध्ये, दोन्ही आतून जावास्क्रिप्टवर चालतात. एमझेड विकत घ्यावा लागतो पण स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल बऱ्यापैकी वेळा लागतो आणि ट्रायलही मिळते, आधी ती वापरून बघा. पैसे अजिबात घालायचे नसतील तर गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट आहे, पण तिथे डायलॉगची चौकटसुद्धा स्वतः उभी करावी लागते, पहिल्या गेमला तेवढा धीर राहत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून जुना एमव्ही घेऊ नका, मराठीत गेम करायचा असेल तर नाहीच, का ते खाली येतंय.

गोष्ट एका वाक्यात बसवा

उदाहरण म्हणून एक गोष्ट घेऊ. जत्रेच्या आदल्या दिवशी देवळातली घंटा गायब होते आणि सायली नावाची मुलगी ती शोधते. झालं, एवढंच. मॅप तीन: देवळाचं आवार, गावातली गल्ली, ओढा. माणसं चार: गुरव, चहाच्या टपरीवाले काका, ओट्यावर बसलेली आजी, आणि "मला काय माहीत" म्हणणारा बंड्या ज्याला सगळं माहीत असतं. एक माकड. बास.

आता कागदावर (हो, कागदावरच) लिहा की खेळाडूला कुठल्या क्रमाने काय कळतं. गुरव सांगतो घंटा नाही, काका सांगतात रात्री पत्र्यावर धडधड आवाज झाला, आजी सांगते माकडं ओढ्याकडे राहतात, बंड्याकडून केळी मिळतात, ओढ्यावर माकड. या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे पुढे एक स्विच (चालू-बंद होणारी खूण, ती गोष्ट घडली की नाही हे गेम त्यावरून ओळखतो) होणार आहे, आणि ही यादी पंधरा ओळींच्या वर गेली तर कापा. कापताना जीवावर येतं ते ठीक आहे, कापलेलं दुसऱ्या गेमला वापरा.

मॅप: लहान म्हणजे खरंच लहान

एमझेडमध्ये एक टाइल (मॅप ज्या चौकोनी तुकड्यांचा बनतो त्यातला एक) ४८ बाय ४८ पिक्सेलची आणि स्क्रीन ८१६ बाय ६२४, म्हणजे एका वेळी १७ बाय १३ टाइल दिसतात. नवीन माणूस हमखास १०० बाय १०० चा मॅप घेतो आणि मग त्यात झाडं शिंपडत बसतो, खेळणारा बिचारा दोन मिनिटं नुसता चालतोय. गल्लीला २५ बाय २० पुष्कळ झालं, देवळाच्या आवाराला त्याहून कमी. ठरवून घ्या की कुठेही उभं राहिलं तरी स्क्रीनवर बोलण्यासारखं किंवा हात लावण्यासारखं काहीतरी दिसलंच पाहिजे.

खरी अडचण चित्रांची. सोबत येणारे टाइलसेट (टाइलांचे तयार संच) युरोपातल्या मध्ययुगीन गावाचे असतात, दगडी किल्ले, चिमणीवाली घरं, आणि आपल्याला हवंय कौलारू घर, तुळशी वृंदावन, पार, दीपमाळ. सगळं स्वतः काढायला बसू नका. माती, गवत, पाणी, झाडं आहेत ती चालतात, घराच्या छपराचा रंग कौलासारखा केला की अर्धं काम होतं, आणि फक्त चार-पाच वस्तू अशा काढा ज्या बघितल्या बघितल्या गाव आपलं वाटेल. मी दीपमाळेपासून सुरुवात करायला सांगेन.

दीपमाळ एक टाइल रुंद आणि तीन टाइल उंच, म्हणजे ४८ बाय १४४ पिक्सेल. लिब्रेस्प्राइट किंवा क्रिटा, दोन्ही फुकट, कशातही काढा. मग ७६८ बाय ७६८ ची पारदर्शक पीएनजी घ्या (बी ते ई या टाइलसेट शीटचा साइज तोच असतो), त्यात ती ४८ च्या ग्रिडवर नीट बसवा, आणि बी शीट असेल तर डावीकडची सगळ्यात वरची पहिली चौकट रिकामी सोडा कारण एमझेड तिला "काही नाही" म्हणून वापरतो. आता डेटाबेसमध्ये (गेमची सगळी सेटिंग्ज असलेली एमझेडची खिडकी) टाइलसेट टॅबवर पॅसेज सेट करायचा: दीपमाळेच्या सगळ्यात खालच्या टाइलला फुली, म्हणजे तिच्यावरून चालता येणार नाही, आणि वरच्या दोन्ही टाइलना चांदणी, म्हणजे सायली मागून गेली की दीपमाळेआड लपते. या एका चांदणीमुळे चपटा मॅप एकदम खरा वाटायला लागतो, आणि हीच विसरली की तुमची नायिका देवळाच्या शिखरावर उभी दिसते.

फुकट चित्रं हवी असतील तर ओपनगेमआर्ट या साइटवर भरपूर आहेत, केनी नावाच्या फुकट चित्रं देणाऱ्याचीही आहेत. केनीची सीसी-झिरो असतात, म्हणजे काहीही करा. ओपनगेमआर्टवर प्रत्येक चित्राचं लायसन्स वेगळं, काहींना नाव द्यावंच लागतं, काहींना तुमचे बदलही त्याच लायसन्सखाली मोकळे ठेवावे लागतात. तिथली लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेची चित्रं फार सुंदर आहेत पण ती ३२ पिक्सेलच्या टाइलची, ४८ ला ताणली की फाटक्या सतरंजीसारखी दिसतात. आणि आरपीजी मेकरची सोबत आलेली चित्रं उद्या दुसऱ्या इंजिनमध्ये सरळ उचलून नेता येतीलच असं नाही, आधी त्यांचं लायसन्स वाचा. जे काही उतरवाल त्याची नोंद त्याच क्षणी एका टेक्स्ट फाइलमध्ये: काय, कोणाचं, कुठून, कुठलं लायसन्स. शेवटी करू म्हणाल तर शेवटी आठवत नाही.

मराठी अक्षरं: इथे सगळ्यांची गाडी अडते

पहिला डायलॉग टाकला, प्लेटेस्ट (स्वतः खेळून बघायची चाचणी) चालू केली, आणि "घंटा कुठे गेली" च्या जागी तुटकी अक्षरं, मात्रा एकीकडे, व्यंजन दुसरीकडे, मधे ठिपक्यांचे गोल. इथे बरेच जण वैतागून रोमनमध्ये लिहायला लागतात. गरज नाही, असं का होतं ते कळलं की उपाय दोन मिनिटांचा आहे.

मेसेज चौकटीत मजकूर टाइपरायटरसारखा एकेक अक्षर करत येतो, आणि प्रोग्राम ज्याला एक अक्षर म्हणतो ते आपलं अक्षर नाही. "कि" म्हणजे त्याच्यासाठी क वेगळा आणि वेलांटी वेगळी, "ष्ट्र" म्हणजे तर पाच तुकडे. एकेक तुकडा वेगळा काढला की जोडणी होतच नाही. एमव्हीमध्ये प्रत्येक तुकडा कायम सुटाच काढला जातो, त्यामुळे तिथे मूळ कोडलाच हात घालावा लागतो. एमझेडमध्ये मात्र मजकूर आधी साठवून एकदम काढायची सोय आहे, फक्त त्याला तसं सांगावं लागतं: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> एवढं लिहा. त्याचा अर्थ ही ओळ एकदम दाखव. मग अख्खी ओळ एका दमात काढली जाते आणि जोडाक्षरं व्यवस्थित येतात. नवीन ओळ आली की हा आदेश संपतो, म्हणून चार ओळींच्या मेसेजला चारदा लिहायचा. टाइपरायटरची मजा जाते, जाऊ दे.

याच कारणाने ओळीच्या मधे रंग बदलायचा कोड टाकणार असाल तर तो पूर्ण शब्दाच्या आधी आणि पूर्ण शब्दाच्या नंतर. "घंटेला" मधलं फक्त "घंट" लाल करायला गेलात तर एकार एकटा लोंबकळत राहतो. आणि मेसेजचं रूप बदलणारं कुठलंही प्लगिन (गेमला नवी सोय जोडणारी फाइल) टाकलं की मराठी परत तपासा, बरीच प्लगिनं अक्षरं काढायचं काम स्वतःच्या पद्धतीने करतात.

फॉन्ट सोबत द्यायचाच. तुमच्या मशीनवर देवनागरी दिसतंय ते विंडोजच्या कृपेने, खेळणाऱ्याच्या मशीनवर काय असेल सांगता येत नाही. मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली फुकट. फाइल फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका आणि डेटाबेसच्या सिस्टिम २ टॅबवर मुख्य फॉन्ट म्हणून तिचं नाव द्या. वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातायत असं दिसलं तर फॉन्टचा साइज एक-दोनने कमी करा. ओळ आपोआप तुटत नाही, स्वतः एंटर मारायचा, आणि चेहऱ्याचं चित्र लावलं की जागा आणखी कमी होते, तेव्हा वाक्यं आखूड ठेवा. गावातली माणसं तशीही लांब वाक्यं बोलत नाहीत.

मग डेटाबेसचा टर्म्स टॅब. इथे मेनूपासून लढाईपर्यंतचे बहुतेक तयार शब्द बदलता येतात आणि इथेच गेमला खरी चव येते. एचपीला (लढाईत उरलेली ताकद) "दम", हल्ल्याला "हुसकाव", पळण्याला "सटक". पण जिथे वस्तूचं किंवा माणसाचं नाव आपोआप भरलं जातं तिथे जपून. इंग्रजीत "अमुक फाउंड" चालतं, मराठीत "घंटा सापडली", "पेढा सापडला", "केळं सापडलं", आणि गेमला लिंग कळत नाही. म्हणून क्रियापद नावाला चिकटूच देऊ नका: "पिशवीत आलं: घंटा". हरलेल्यासाठी "पडला-पडली" च्या भानगडीऐवजी "गारद!" एवढंच. खेळाडूला नाव टाइप करायला लावणारा तयार स्क्रीनही टाळा, त्यात देवनागरी कीबोर्ड नाही.

इव्हेंट: सगळा गेम इथेच आहे

इव्हेंट म्हणजे मॅपवरची कुठलीही गोष्ट जी काही करते: माणूस, दार, डबा, अदृश्य सापळा. काकांचं उदाहरण पूर्ण करू. गल्लीच्या मॅपवर टपरीशेजारी इव्हेंट बनवा, नाव द्या "काका" (नाव नक्की द्या, नाहीतर पुढे इव्हेंट शून्य-शून्य-सात कोण हे शोधत बसाल). ट्रिगर (इव्हेंट कशाने सुरू होतो ते) ॲक्शन बटण, प्रायॉरिटी "सेम ॲज कॅरॅक्टर्स", नाहीतर सायली काकांच्या अंगावर चढून उभी राहील. पहिल्या पानावर त्यांचं बोलणं: "रात्री पत्र्यावर धाडधाड! मला वाटलं चोर, उठलोच नाही." आणि खाली कमांड, स्विच ३ "काकांनी आवाज सांगितला" ऑन. आता त्याच इव्हेंटचं दुसरं पान, अट स्विच ३, आणि त्यावर फक्त "सांगितलं ना बाई, पत्र्यावर. चहा घेतेस?" नियम एकच: ज्या पानांच्या अटी पुऱ्या होतात त्यातलं सगळ्यात मोठ्या नंबरचं पान चालतं. गोष्टीतला नंतरचा भाग नंतरच्या पानावर, हे डोक्यात बसलं की निम्मा आरपीजी मेकर आला.

जी गोष्ट फक्त त्या एका इव्हेंटपुरती आहे, जसं बंड्याने केळी एकदाच देणं, तिथे साधा स्विच खर्च करू नका, सेल्फ स्विच ए वापरा. पहिल्या पानावर केळी द्या, सेल्फ स्विच ए ऑन, दुसऱ्या पानावर अट ए आणि "आता नाहीयेत". मोजायचं असेल, किती जणांशी बोलली वगैरे, तर व्हेरिएबल (आकडा लक्षात ठेवणारी जागा).

ऑटोरन आणि पॅरलल या आपोआप सुरू होणाऱ्या दोन ट्रिगरांपासून सुरुवातीला थोडं लांबच. ऑटोरन चालू असेतोवर खेळाडूला हलता येत नाही, आणि इव्हेंट संपला की तो परत पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून शेवटी स्विच किंवा सेल्फ स्विचने दुसऱ्या, रिकाम्या पानावर गेला नाही तर गेम लटकला. "माझा गेम फ्रीज होतो" या तक्रारीवर पहिला प्रश्न हाच विचारतात.

प्लेटेस्ट करताना कंट्रोल दाबून धरलं की भिंतीतून आरपार चालता येतं, आणि एफ९ दाबलं की सगळे स्विच आणि व्हेरिएबल दिसतात आणि तिथल्या तिथे बदलताही येतात. म्हणजे शेवटचा सीन तपासायला दर वेळी गुरवापासून सुरुवात करायला नको.

माकडाशी भांडण

पहिल्या गेममध्ये लढाई नसली तरी काही बिघडत नाही. ठेवायचीच तर एकच ठेवा आणि आकडे हाताने मोजा. साध्या हल्ल्याचं सूत्र असं: मारणाऱ्याचा हल्ला गुणिले ४, वजा समोरच्याचा बचाव गुणिले २. सायलीचा हल्ला १५, माकडाचा बचाव १०, म्हणजे ६० वजा २०, एका फटक्याला ४०. माकडाचा दम १२० ठेवला तर साधारण तीन फटके. उलट माकडाचा हल्ला १२, सायलीचा बचाव १४, म्हणजे ४८ वजा २८, २०. सायलीचा दम २०० असेल तर दहा फटके खाऊन ती हरेल, म्हणजे हरणारच नाही. पहिल्या गेमला हे प्रमाण बरोबर आहे. आकडे थोडे मागेपुढे होतात, मुळात वीस टक्के चढउतार धरलेला असतो, आणि क्रिटिकल (अधूनमधून बसणारा जबर फटका) लागला तर तिप्पट, त्यामुळे माकडाला क्रिटिकल देऊ नका, उगाच लोक चिडतात. हातात केळी असतील तर लढाईच न होता सुटका, असा पर्याय दिलात तर खेळणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, आणि त्याची किंमत तुम्हाला एका कंडिशनल ब्रँचएवढीच ("असं असेल तर हे कर" अशी कमांड).

आवाजाचं थोडक्यात: जुन्या गाण्याचा तुकडा उचलून लावायचा नाही. भारतात रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो आणि शब्द-चालीचा हक्क वेगळाच. मोबाइलवर स्वतः रेकॉर्ड करा, देवळातली घंटा, ओढ्याचं पाणी, स्टोव्हचा फरफराट, ऑडॅसिटीत साफ करा, ओजीजी फाइल म्हणून सेव्ह करा. असे आवाज कुठल्याच तयार पॅकमध्ये मिळत नाहीत.

लोकांच्या हातात

पूर्ण झाल्यावर दाखवू असं म्हणू नका. गुरव आणि काका बोलायला लागले, गल्लीतून देवळात जाता आलं, की पाच मिनिटांचा तुकडा ग्रुपवर टाका. पण त्याआधी त्याच ग्रुपवर दुसऱ्यांचे चार गेम खेळून त्यावर नीट लिहिलेलं असू द्या. "मस्त भाऊ, भारी" नाही. "ओढ्यावर उजवीकडे जाता येतं असं वाटलं पण येत नाही" असं. हौशी मंडळींच्यात हीच देवाणघेवाण चालते, जो कोणाचाच गेम खेळत नाही त्याचाही कोणी खेळत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

तुमचा तुकडा देताना "कसा वाटला?" विचारलंत की "छान" एवढंच उत्तर येणार. नेमकं विचारा: कुठे अडकलात, कोणाशी दोनदा बोलावं लागलं, कुठला डायलॉग न वाचता पुढे ढकलला. त्याहून भारी म्हणजे कोणालातरी स्क्रीन शेअर करून खेळायला लावा आणि तुम्ही माइक म्यूट करा. खरंच म्यूट, नाहीतर "अगं डावीकडे बघ ना" तोंडातून निघतंच. लोक जे सांगतात त्यातली अडचण बहुतेक खरी असते, त्यांनी सुचवलेला उपाय मात्र प्रत्येक वेळी घ्यायचा नाही. "इथे कंटाळा आला" हे खरं, "म्हणून इथे ड्रॅगन टाक" हे त्याचं मत.

टीम जमवायची घाई पहिल्या गेमला नको. एखाद्याने आपणहून चेहरे काढून दिले तर आनंदाने घ्या, पण काय, किती, आणि पुढे विकलं तर काय हे दोन ओळींत लिहून ठेवा, मैत्री असली तरी.

इच डॉट आयओवर चढवणे

इच डॉट आयओ ही आपले गेम लोकांसाठी ठेवायची साइट. एमझेडच्या मेनूतलं डिप्लॉयमेंट (गेम बाहेर देण्याजोगा करायची सोय) उघडा, वेब ब्राउझर निवडा, न वापरलेल्या फाइली वगळायचा पर्याय टिक करा. तो टिक करावाच लागतो, कारण इचवर ब्राउझर गेमच्या झिपमध्ये जास्तीत जास्त १,००० फाइली आणि उघडल्यावर ५०० एमबी एवढीच मर्यादा आहे आणि सोबतची चित्रं-आवाज सगळे गेले तर ती सहज ओलांडते. फक्त एक, प्लगिनमधून बोलावलेल्या फाइली कधीकधी "न वापरलेल्या" समजून उडवल्या जातात, त्या हाताने परत टाका.

तयार झालेली इंडेक्स फाइल डबल क्लिक करून चालत नाही म्हणून घाबरू नका, ब्राउझर लोकल फाइलींना अडवतो. झिप करा, इचवर ड्राफ्ट पान बनवून चढवा, "ब्राउझरमध्ये खेळता येईल" वर टिक, साइज ८१६ बाय ६२४, आणि तिथेच तपासा. चित्र सापडत नाही असा एरर आला तर दहापैकी नऊ वेळा फाइलच्या नावातलं अक्षर लहान-मोठं असतं: विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हरला पडतो. म्हणून फाइलींची नावं पहिल्यापासून रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मधे स्पेस नाही. देवनागरी गेमच्या आत, फाइलच्या नावात नको.

पानावर तीन स्क्रीनशॉट, किती वेळाचा गेम आहे ते, कुठली बटणं, आणि ती क्रेडिटची फाइल जशीच्या तशी. वर "मराठी" हा टॅग आणि भाषेत मराठी निवडा, शोधणारे लोक कमी आहेत पण जे आहेत ते पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेत आणि मराठीत काही दिसलं की खेळून बघतात.

गेम बाहेर गेला की पहिल्याच आठवड्यात चुका कळतात आणि तुम्ही नवी आवृत्ती चढवता. तेव्हा एवढंच सांभाळा: लोकांच्या जुन्या सेव्ह फाइलींमध्ये स्विच नंबरांनी लक्षात ठेवलेले असतात, नावांनी नाही. स्विच ३ आता लागत नाही म्हणून त्याला दुसऱ्या कामाला लावलंत तर जिने काकांशी आधीच बोलून सेव्ह केलंय तिच्या गेममध्ये ते नवं कामही आधीच झालेलं असेल. जुना नंबर तसाच पडू द्या, नावापुढे "वापरू नये" लिहा, आणि नव्या गोष्टीला नवा नंबर घ्या.